अवेळी दिलेलं पाणी

हुरड्याला कोणाकोणाला बोलवायचं यावरून उदयसिंहांच्या घरात दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी तीच माणसं येतात. दुधनीहून थोरली बहीण बजाबाई, कुर्डुवाडीहून धाकटा भाऊ अमृत, आणि घरचे तिघे. विहिरीच्या वाटणीवरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं, त्या वर्षीसुद्धा अमृत आला होता आणि एक शब्द न बोलता पोटभर खाऊन गेला होता. त्यामुळे यंदा कुणी रुसून घरी बसेल अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता. ऋतुजाला तर रुसायची सोयच नव्हती, कारण यंदाच्या हुरड्याला तिचाच निकाल लागायचा होता.

तीन वर्षांपूर्वी ती पुण्यातली नोकरी सोडून गावी, केमला परतली होती. शेतीची पदवी गाठीशी, डोक्यात शंभर कल्पना. बापाने ओढ्याकडचा एक तुकडा तिला करायला दिला आणि त्या तुकड्याबरोबर तिने 'काळं रान' नावाचा ब्लॉग सुरू केला. कांद्याचं रोप का मान टाकून बसलं, तुरीवर अळी कधी दिसली, कुठल्या औषधाने काहीच झालं नाही, असं सगळं ती त्यात लिहायची. वाचणारे वाढत गेले. मग महिन्यापूर्वी तिने 'आमची ज्वारी का लोळली' हा लेख लिहिला. तो आजवरच्या सगळ्या लेखांपेक्षा जास्त वाचला गेला, आणि केमच्या बाजारात चहाच्या गाड्यावर कुणीतरी तात्यांना, म्हणजे उदयसिंहांना, विचारलं, "काय तात्या, आता पानी लेकीला इचारून सोडता का?"

त्या दिवसापासून तात्या लेकीशी बोलले नव्हते. सांगायचं असलं की ते भिंतीला सांगत आणि ऋतुजाची आई रेश्मा ते पोचवत असे. मागच्या आठवड्यात जेवताना त्यांनी भिंतीला सांगितलं, "अक्का येतीया, अमृत येतोय. हुरड्याला बसलो की समद्यांनी सांगायचं, त्या लिवण्यात चांगलं काय आन वाईट काय. तोंडावर सांगायचं. बंद कर म्हनले तर बंद. रान माजं हाय."

ऋतुजाने ते मान्य केलं. आणि आईला एकटीला गाठून सांगितलं की पुण्याहून पुन्हा बोलावणं आलंय, ब्लॉग बंद करावा लागला तर ती जाणार. रान कसायचं आणि त्याबद्दल तोंड शिवून बसायचं, हे तिला जमणारं नव्हतं. त्या दिवसापासून रेश्माची भाकरी रोज करपत होती.

---

विहिरीकडच्या पट्टीत गूळभेंडी ज्वारी ऐन दुधात होती. बांधाला खड्डा घेऊन तात्यांनी आगटी पेटवली होती आणि गोवऱ्यांचे निखारे झाल्यावर त्यात कणसं खुपसली होती. रानाच्या धन्याने स्वतः भाजायचं, स्वतः चोळायचं आणि पहिली मूठ पाहुण्याच्या हातावर ठेवायची, हा त्या घरचा रिवाज. तात्यांनी गरम कणीस गोणपाटावर चोळलं, फुंकर मारून फोलपट उडवलं आणि हिरवे, वाफाळते दाणे बजाबाईंच्या ओंजळीत टाकले. मग अमृतच्या. मग रेश्माच्या. ऋतुजाच्या वाट्याचे त्यांनी तिच्यासमोर गोणपाटावर ओतले, हातावर ठेवले नाहीत.

सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळेच एकदम चटणीची वाटी शोधायला लागले.

"मी सुरू करतो," अमृत म्हणाला. तो कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात होता आणि दोन पक्षांच्या मध्ये उभं राहून दोघांनाही खूश ठेवायची त्याला जुनी खोड होती. पुतणीला त्याने फोनवर शब्द दिला होता, काळजी करू नको, मी हाय. आणि अक्काला घेऊन येताना गाडीत, दादाचं बी बरोबरच हाय की, असंही म्हणून झालं होतं. "आदी चांगलं. पोरगी लई सोपं लिवती. आमच्या शॉपातले चौघं वाचत्यात. ज्येंची रानं गावाकडं भाऊ करत्यात, ते तर नेमानं वाचत्यात. हितं वाचायचं आन सुटीला गावी जाऊन भावाला शिकवायचं."

"तुज्यासारकं," तात्या निखाऱ्याकडे बघत म्हणाले.

रेश्माने पदर तोंडाला लावला. अमृतही हसला, पण जरा उशिराने.

"कुनी काय इचारलं तर उत्तर बी देती. झालं का? हे चांगलं."

"आता वाईट सांग की," बजाबाई म्हणाल्या. "निस्तं गोड बोलायला का आलाईस?"

अमृतने दह्याची वाटी खाली ठेवली. "वाईट म्हंजे… लांबड लई लावती. त्यो कांद्याचा लेख. निम्म्यापतुर निस्तं धुकं पडतंय. त्यात एक कोकीळ वरडती."

"भारद्वाज होता, काका."

"असूंदे की. मला कांद्याचं काय झालं त्ये बघायचं हुतं. खाली सरकवून सरकवून अंगठा दुकला माजा."

ऋतुजा हसली. एवढंच असेल तर आपण तरलो, असं तिला वाटलं. पण अमृतला एकदा बोलायला लागल्यावर थांबता येत नसे आणि खरं बोलल्याचं सुखही त्याला क्वचितच मिळायचं.

"आन दुसरं," तो म्हणाला. "तितं लेखाच्या खाली सांगोल्याकडचा एक सिद्धनाथ म्हनून गडी इचारत हुता, ताई, ही तूर कसल्या रानात? त्येचं रान मुरमाड. हिचं समदं काळ्या, भारी रानातलं. आन हिनं लेखात जमीन कसली त्ये लिवलंच न्हाय. दोन पान्यांत तूर येती म्हनून ठोकून दिलं. मुरमात दोन पान्यांत काय येतंय?"

"ब्लॉगचं नावच काळं रान आहे, काका."

"नाव कोन वाचतं गं? लोक पानी किती, खत किती, एवढंच वाचत्यात."

त्या सिद्धनाथला ऋतुजाने नंतर कळवलं होतं, पण न विचारता ज्यांनी तसंच केलं असेल त्यांचं काय? आपल्याच बाजूच्या माणसाने आपल्याला उघडं पाडलं याचा तिला राग आला, आणि तो बरोबर बोलला याचा त्याहून जास्त.

---

रेश्माने घरून निघतानाच ठरवलं होतं की फक्त चांगलं बोलायचं. पोरगी पुण्याला गेली तर पुन्हा घरात दोन माणसं आणि एक भिंत उरणार. म्हणून ती सावरून बसली आणि तिने तोंड उघडलं, पण ठरवलेलं काही बाहेर आलं नाही.

"माजं इचारायचं हाय. खुरपलं कुनी?"

"कुठे, आई?"

"तुज्या लेखात. 'तण काढून घेतलं' म्हनून लिवतीस. कुनी काढलं? मी आन रोजानं येनारी मायाक्का दोगी वाकून वाकून अर्द्या झालो. 'रोप लावून घेतलं.' कुनी लावलं? तुज्या फोटूत कनसं हायत, बैल हाय, पान्याची मोटार सुदीक हाय. मानूस एक बी न्हाय. वाचनाऱ्याला वाटंल, हितली शेती आपसुक हुती."

बोलून झाल्यावर रेश्मा स्वतःच दचकली. हे तिच्या मनात तीन वर्षं साठलं होतं आणि आज नेमक्या नको त्या दिवशी सांडलं. ती घाईने म्हणाली, "पर चांगलं बी हाय. कांदा सडला तर सडला म्हनून लिवती. औषिद लागू न्हाय पडलं तर न्हाय पडलं म्हनती. दुकानदार सांगतोय का असं? मला आवाटी गावच्या बायकांचे फोन येत्यात. म्हनत्यात, तुमच्या लेकीनं लिवलं म्हनून आमी त्ये घेतलंच न्हाय. चुकलं ते लपवत न्हाय ती."

"व्हय," तात्या म्हणाले. "दुसऱ्याचं चुकलेलं लपवत न्हाय."

आगटीभोवतीची हवा एकदम बदलली. महिनाभर भिंतीला सांगितलेलं आता कणसांना सांगून झालं होतं. रेश्माने उगाच गुळाचा खडा फोडायला घेतला.

बजाबाई आतापर्यंत मन लावून खात होत्या. पन्नास वर्षं दुधनीत काढून त्यांच्या बोलण्यात कानडी मिसळली होती आणि रागावल्या की ती आधी बाहेर यायची. "साकु, साकु! पुरं झालं," त्या म्हणाल्या. "माजं ऐका. भावाचं बाजारात हसं झालं म्हंजे माज्या माहेराचं हसं झालं. घरातलं घरात ठेवायचं. माजं मत, बंद कर."

ऋतुजाने मान खाली घातली. काका निम्मे गेले होते, आई निम्मी गेली होती, आणि आत्या पूर्ण गेली होती. पुण्याच्या बसची वेळ तिला पाठ होतीच.

"पर आदी वाचून दाव," बजाबाई म्हणाल्या. "बंद करायचं त्ये काय हाय, मला कळूंदे की. मी कुटं वाचलंय?"

---

ऋतुजाने मोबाईल काढला. स्वतःचंच लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचताना तिचा आवाज चिरका येत होता.

"'गेल्या हंगामात आमची विहिरीकडची गूळभेंडीची पट्टी पूर्ण लोळली. कणीस भरलेलं होतं, ताटं जड झाली होती, अशा वेळी पट्टीला पाणी दिलं गेलं. त्याची काही गरज नव्हती. जमीन भिजून मुळं सैल झाली, मग वारा सुटला आणि सगळी ताटं आडवी झाली. दाणा गेला, कडबा गेला. आपल्याकडे पाणी दिसलं की सोडायची सवय आहे. सवयीने, विनाकारण दिलेलं हे पाणी…'"

"थांब," बजाबाई म्हणाल्या.

ऋतुजा थांबली.

"कंच्या सालचं हे?"

"गेल्या, आत्या."

"गेल्या साली मी कवा आलते?"

रेश्मा आठवून म्हणाली, "वन्सं, तुमी संक्रांत हून गेल्यावर आलता. लई उशिरा. डोळ्याचं आपरेशन नव्हतं का झालं?"

"व्हय. पट्टी बांदून बसले हुते घरात. ह्याला फोनवर म्हनलं, उदय, औंदा काय हुरडा न्हाय माज्या नशिबात, आमच्या दुधनीत ज्वारी कडक झाली. तर हा म्हनला, ये तू, आपला अजून कवळा हाय." त्यांनी हातातले दाणे गोणपाटावर ठेवले आणि भावाकडे पाहिलं. "कसा राह्यला रं कवळा?"

तात्यांनी काडीने निखारे उगाच उकरले. "राह्यला आसंल."

"आसंल कसं? समद्या शिवाराचा सरला आन तुजाच राह्यला?"

"अक्का, खा की. गार हुतंय."

"पानी दिऊन राखलास. माज्यासाटी. व्हय का न्हाय?"

उदयसिंहांना वाटलं, आता उठून मोटार बघायला जावं. पण मोटार बंद होती आणि ते सगळ्यांना दिसत होतं. आई गेली तेव्हा अमृत अंगावरचा होता आणि ते स्वतः शाळेतही जात नव्हते. दोघांच्या तोंडात घास घालून मग स्वतः जेवणारी ही बहीण. तिला दुसरं काही लागत नव्हतं, वर्षातून एकदा माहेरचा हुरडा तेवढा लागायचा. कणीस भरल्यावर पाणी देऊ नये हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच होतं? त्यांनी आभाळ बघितलं होतं, वारा नव्हता, म्हटलं एक हलकं पाणी देऊ, दाणा थोडा दम धरील. दाण्याने दम धरला. वाऱ्याने धरला नाही. अक्का आली तेव्हा आडव्या ताटांची कणसं खुडून त्यांनी तिला हुरडा घातला होता, आणि वाऱ्यानं लोळली गं, एवढंच सांगितलं होतं. बहिणीसाठी पाणी सोडलं, हे चहाच्या गाड्यावर कोणत्या तोंडाने सांगणार?

"व्हय," ते शेवटी म्हणाले.

बजाबाईंनी डोळ्याला पदर लावला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला धूर सोसत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि दोन्ही डोळे पुसले.

"तात्या," ऋतुजा म्हणाली. "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

तात्यांनी महिन्याभरात पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं.

"तू इचारलंस का?"

तिने विचारलं नव्हतं. तिने ताटं उपटून मुळं बघितली होती, माती हातात घेऊन ओल बघितली होती, वाऱ्याचा वेग शोधून काढला होता, आणि एका ताटात जेवणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारला नव्हता.

"मी काढून टाकते तो लेख," ती म्हणाली. "आत्ताच काढते. आणि ब्लॉगसुद्धा…"

"कशाला?" तात्या एकदम चिडले. "चुकीचं काय लिवलंस? पानी दिलं म्हनूनच लोळली. त्ये खरंच हाय. आजून कुनी तरी तसं पानी सोडंल, त्येला कळाया नको? 'विनाकारन' तेवढं काढ. कारन हुतं."

त्यांना आणखी चेव आला.

"आन बघायचंच तर नीट बघा की. भाऊ म्हनतो लांबड लावती. त्येला काय कळतंय? भारद्वाजाचं झ्याक लिवलंय. त्यो विहिरीच्या बाभळीवर असतोय, मी रोज बघतो. चूक कुटं हाय त्ये मी सांगतो. तुरीचा शेंडा खुडा म्हनून लिवलंस, कवा खुडायचा त्ये कुटं लिवलंस? फुलात आल्यावर कुनी खुडला तर? अळीचा फोटू दिलास त्यो हरबऱ्यावरचा. तुरीवर बी तीच अळी येती, पर तसं सांगायला नको? वाचनारा म्हनंल, ही हरबऱ्याची, माज्या तुरीला काय न्हाय हुत. आन ते गंदकाचं…"

"दादा," अमृत हळूच म्हणाला, "तू तर वाचत न्हायस नव्हं?"

तात्यांनी घाईने एक कणीस चोळायला घेतलं.

"मोटारीच्या खोलीत बसून वाचत्यात," रेश्मा म्हणाली. "रोज सांजचं. मी म्हनायची, मोटार सारकी बिगडती कशी?"

आधी बजाबाई हसल्या, मग अमृत, मग रेश्मा. तात्या कणीस चोळत राहिले, पण त्यांच्या मिशा हलत होत्या. ऋतुजा हसली आणि रडली, दोन्ही एकदमच, आणि तिने ते लपवायचा प्रयत्न केला नाही. आपण लिहिलेली ओळ न् ओळ ज्याने वाचली, त्याच्याबद्दलच आपण तो शेजारच्या रानातला कुणी परका शेतकरी असल्यासारखं लिहून मोकळे झालो होतो.

"माजं मत बदललं," बजाबाई म्हणाल्या. "बंद करनं बेडा. नको. चालू दे. पर त्यात लिव्ह, बहिनीसाटी दिलं म्हनून."

"त्ये नको, अक्का. लोक हसत्याल."

"हसूंदेत की. माजा भाऊ माज्यासाटी ज्वारी लोळवतोय, त्येंचा कुनी लोळवतोय का इचार त्येंना."

"आत्या, थांबा," ऋतुजा म्हणाली. तिने डोळे पुसले आणि बापाकडे वळली. "तात्या, लिहू का?"

तात्यांनी निखाऱ्यातून एक कणीस काढलं, चोळलं, तळहातावर घेऊन फुंकलं. मग हात लांब करून दाणे तिच्या ओंजळीत टाकले. चटका बसला, पण तिने मूठ मिटली.

"आदी खा," ते म्हणाले. "मग लिव्ह. आन जमीन कसली त्ये पयलं घाल, न्हाय तर अमृत पुन्यांदा बोलंल."

तिथेच गोणपाटावर बसून तिने लेख दुरुस्त केला. जमीन काळी, भारी. पेरणी रेश्मा आणि मायाक्का यांच्या हातची, खुरपणीही त्यांचीच. पाणी उदयसिंहांनी दिलं, कणीस भरल्यावर, बहीण उशिरा येणार होती म्हणून. दाणा कोवळा राहिला, पट्टी लोळली. हे आधी लिहिलं नाही, कारण मी विचारलं नव्हतं. एकेक ओळ लिहून ती वाचून दाखवत होती आणि सगळे आपापल्या परीने ढवळाढवळ करत होते. स्वतःच्या नावाची ओळ रेश्माने परत वाचायला लावली.

"पुण्याला काय कळवतीस?" तिने लेकीच्या कानाशी विचारलं.

"नाही म्हणून कळवते. आई, तुझा एक फोटो लागेल. खुरपं घेऊन."

"ह्या लुगड्यावर? हट."

ऊन कलायला लागलं तसं अमृत गाडीची किल्ली शोधू लागला. बजाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पट्टीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. यंदा ताटं सरळ उभी होती.

"उदय, फुडच्या साली मी येळेवर येते," त्या म्हणाल्या. "तू पानी दिऊ नको."

"न्हाय देत," तात्या म्हणाले. "दोन पट्ट्या पेरतो. एक मोसमाची, एक पंद्रा-वीस दिस मागं ठेवून. येळेवर आलीस तर हिच्यातलं खा, उशिरा आलीस तर तिच्यातलं." मग ते लेकीकडे वळले. "मागची पट्टी तुज्या तुकड्यात पेरू. हे बी लिव्ह."